कुठला निळा?

"निळा ब्लाउजपीस आहे का?" असं विजूमावशींना माणूस आयुष्यात एकदाच विचारायचा. दुसऱ्यांदा विचारायची छाती व्हायची नाही.

"निळा म्हणजे?" चष्म्याच्या वरून बघत त्या म्हणायच्या. "आकाशी का, चिंतामणी का, मोरपंखी का, पारवा? नुसता निळा असा रंग नसतो, बाळ. निळे असतात. त्यातला एक आपला असतो."

माझ्या बाबतीत हे घडलं तेव्हा मी पुण्याहून अमेरिकेत, आयसेलिनला, नुकतीच आले होते. दिवाळीच्या कार्यक्रमाला नेसायची साडी घेऊन त्यांच्या बेसमेंटच्या पायऱ्या उतरले होते आणि चप्पल न काढता आत गेल्याबद्दल आधीच बोलणी खाल्ली होती. त्या बेसमेंटला आमच्या कॉम्प्लेक्समधले सगळे 'मॅचिंग सेंटर' म्हणत. पाटी नव्हती, जाहिरात नव्हती. भिंतीला लावलेल्या फळ्यांवर ब्लाउजपीस, अस्तरं आणि फॉल यांच्या चळती, मध्ये एक शिवणयंत्र, आणि त्याच्यामागे विजूमावशी. ओक ट्री रोडवरच्या झगमगीत देशी दुकानांतून घेतलेल्या साड्या शेवटी फॉल-पिकोसाठी यायच्या त्या इथेच. साडी हातात घेऊन त्या खिडकीपाशी जायच्या, काठ उजेडात धरायच्या, आणि मग एखाद्या चळतीच्या मधूनच नेमकं कापड ओढून काढायच्या. "हा घे. आमसुली. तू डार्क पर्पल म्हणालीस ना, तो हा."

मूळच्या इचलकरंजीच्या. वडील सूत रंगवायच्या कारखान्यात होते. "आमच्या घरासमोरच्या गटाराला रोज वेगळा रंग असायचा," हे त्या अभिमानानं सांगायच्या. लग्न होऊन अमेरिकेला आल्या, मुलगा झाला. काका मी येण्याच्या खूप आधी गेले होते, आणि त्यांच्याबद्दल त्या फार बोलत नसत. बोलत त्या कारमेनबद्दल.

कारमेन पोर्तो रिकोची. आमच्या इथून जवळच्या पर्थ अँबॉयमध्ये एक कपडे धुण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे ह्या दोघी शेजारी शेजारी बसून वीस वर्षं लोकांच्या पँट्स आखूड करत होत्या. मावशींचं इंग्रजी तेव्हा कामापुरतं आणि कारमेनचं त्याहून जरा बरं. तेवढ्या भांडवलावर दोघींनी एकमेकींची बाळंतपणं, सासवा, सुना, दुखणी सगळं ऐकून घेतलं. कारमेन ह्यांना 'विहाया' म्हणायची, कारण तिच्या भाषेत 'ज' चा 'ह' होतो. मावशी कधी रागावल्या नाहीत. आम्ही कोणी 'विजूमावशी' ऐवजी 'विजयाबाई' म्हटलं तरी त्यांचं तोंड वाकडं व्हायचं, ही गोष्ट वेगळी.

तर ह्या कारमेनचं गाव सान हुआन. कॅरिबियन समुद्रातल्या बेटावरचं शहर, पण बेट अमेरिकेचंच. व्हिसा नको, पासपोर्ट नको, नेवार्कहून सरळ विमान. कारमेन सांगायची, आमच्या जुन्या गावात दोन घरं एका रंगाची नाहीत. हे मावशींना पटायचं. पण ती पुढे म्हणायची, आणि आमचे रस्ते निळ्या दगडांचे आहेत. हे मात्र पटायचं नाही.

"खोटं बोलतीस," मावशी सरळ मराठीत म्हणायच्या. "दगड कधी निळा असतोय होय?"

कारमेनला एवढं मराठी वीस वर्षांत पाठ झालं होतं. ती छातीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "यू कम, विहाया. यू कम अँड सी." की ह्या पुन्हा म्हणायच्या, खोटं बोलतीस. की दोघी हसायच्या. रोजचा खेळ होता तो. मावशी मला ही गोष्ट सांगताना दोघींचे आवाज काढायच्या, आणि कारमेनचा हात छातीवर जायचा तेव्हा ह्यांचाही जायचा.

दोघींनी रिटायर झाल्यावर एकत्र जायचं ठरवलं होतं. ते राहिलं. साथीच्या दिवसांत दुकान बंद पडलं आणि त्याच दिवसांत कारमेन गेली. कोणाला शेवटचं बघायलाही मिळालं नाही. तिच्या मुलीनं फोन करून सांगितलं, तेव्हा मावशी म्हणे "ओके, ओके, थँक यू" एवढंच बोलल्या आणि फोन ठेवून यंत्रावर बसल्या.

मग डोळ्यांचं सुरू झालं.

पडद्याच्या मधोमध डाग पडतो तो आजार. कडेचं दिसतं, समोरचं जातं. डोळ्यात इंजेक्शनं चालू होती, तरी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की फार दिवस राहिले नाहीत, आणि रंग आधी फिके पडतील. मावशींनी हे आम्हाला सांगितलं ते असं: "आता माणसाचं तोंड दिसत नाही, कान दिसतात. तुझे कान बरे आहेत गं, मी कधी बघितलेच नव्हते." सगळ्या बायका हसल्या. मीसुद्धा हसले, आणि घरी जाऊन रडले. एखादीचं सगळं जगणं रंगावर चाललेलं असावं आणि तिच्याच डोळ्यांतून रंग काढून घ्यावेत, हा कुठला न्याय? मला अजूनही त्याचा राग येतो.

समोरचं दिसत नाही म्हणून त्या मान वळवून तिरकं बघायला शिकल्या. दाणा टिपण्याआधी कोंबडी बघते तशा. कापड खिडकीत धरायचं आणि मान भलतीकडे वळवायची. नात रिया आठ वर्षांची, तिला हे फार गमतीचं वाटायचं. एकदा माझ्यासमोरच आजीनं तिला एक तुकडा दाखवून विचारलं, "हा चिंतामणी का मोरपंखी, सांग बघू."

"आजी, इट्स जस्ट ब्लू," रिया म्हणाली आणि पळाली.

मावशींनी तो तुकडा पुन्हा चळतीत सारला. मग एकदम मला म्हणाल्या, "मला सान हुआनचं तिकीट काढून दे."

मुलानं, निखिलनं, आकाशपाताळ एक केलं. "आई, तुला धड दिसत नाही, तू एकटी कुठे जाणार? मला आत्ता रजा मिळत नाहीये, प्रोजेक्टचं गो-लाइव्ह आहे. समरमध्ये आपण सगळे जाऊ ना."

"समरपर्यंत डोळे थांबतील का, ते विचार तुझ्या डॉक्टरला," मावशी म्हणाल्या.

वाईट नव्हता निखिल. आईला एकटं सोडायची भीती वाटत होती, आणि भीती वाटली की आपली मुलं ओरडतात. शेवटी तिकीट मीच काढलं, जुन्या गावातच एका बाईच्या घरी वरच्या मजल्यावरची खोली ठरवली. विमानतळावर आपल्याकडच्या सगळ्या आयांसाठी मागतात तशी व्हीलचेअरही मागितली. मावशींनी व्हीलचेअर नाकारली नाही, तिच्यात दशम्यांची पिशवी ठेवली आणि स्वतः शेजारून चालत गेल्या.

पहिल्या दिवशी संध्याकाळी फोन आला. मला वाटलं, घाबरल्या असतील. पण त्या चपलांचं रामायण सांगायला लागल्या.

खोलीवर सामान टाकून त्या एकट्याच बाहेर पडल्या होत्या. चढावर एक मोठं चर्च लागलं. देवाचं दार ते देवाचं दार, म्हणून ह्यांनी पायरीशी चपला काढल्या आणि आत गेल्या. बाकावर बसून हात जोडतात न जोडतात, तोच पायरीवर बसलेला एक म्हातारा ह्यांच्या चपला दोन्ही हातांत धरून धापा टाकत आला. बाई विसरून गेल्या असं त्याला वाटलं. ह्यांनी "थँक यू" म्हणून त्या घेतल्या, बाहेर नेऊन ठेवल्या, पुन्हा आत येऊन बसल्या. तो पुन्हा घेऊन आला.

"मग काय केलंत?"

"काय करणार? त्याला खांद्याला धरून बाहेर नेलं, चपला ठेवल्या, माझ्या पायाकडे बोट दाखवलं, मग आत देवाकडे दाखवलं. लख्ख कळलं बघ त्याला. मी बाहेर आले तर गडी चपलांशेजारी राखण करत बसलेला. आणि स्वतःचे बूटसुद्धा काढून ठेवलेले, माझ्या चपलांना जोडून."

मी हसत होते.

"आणि दगड, मावशी?"

"दगड राखी आहेत गं," त्या म्हणाल्या. "सिमेंटसारखे. सगळे रस्ते फिरले. तिरकं बघितलं, वाकून बघितलं. राखी."

फोन कानाला तसाच धरून मी लॅपटॉपवर शोधलं. फोटोंमध्ये दगड निळे होते, अगदी स्वच्छ निळसर. मी तोंड उघडलं तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "कॉम्प्युटरवर बघून मला काही सांगू नकोस. विचारायचंच असतं तर इथे कोणालाही विचारलं असतं, नाहीतर ओक ट्री रोडवर बसून विचारलं असतं. मी बघायला आलेय. आता एकतर कारमेन खोटं बोलत होती, नाहीतर माझे डोळे गेले. दोन्हीतलं कुठलं बरं, तू सांग."

दुसरा दिवस त्यांनी घरं बघण्यात घालवला. ते मात्र दिसत होतं. कडेकडेनं बघत, भिंतीला हात लावत त्या गल्ल्यांतून हिंडल्या. संध्याकाळी फोनवर मला घरांची नावं सांगत होत्या. कोपऱ्यावरचं डाळिंबी, त्याला श्रीखंडी खिडक्या. त्याच्या शेजारचं अबोली, "पण जुनं झालेलं, धुवून धुवून विटलेलं." एक शेवाळी, एक गुलबक्षी, आणि एक असं की ज्याला त्यांना नाव सापडेना, म्हणून त्या घरासमोर उभ्या राहिल्या तर आतून बाईनं त्यांना खुर्चीच आणून दिली. समुद्राकाठच्या किल्ल्यासमोर मोठं मैदान आहे, तिथे पोरं पतंग उडवत होती. पतंग समोर असले की दिसत नव्हते, कडेला गेले की दिसत होते. "म्हणजे मी ज्याच्याकडे बघते तेच जातं," त्या म्हणाल्या. "नको तिकडे बघितलं की दिसतंय. काय तरी नशीब."

हे त्या हसत म्हणाल्या नाहीत.

"ही सगळी घरं कारमेन मला सांगायची गं. कोपऱ्यावरचं लाल घर, शाळेत जाताना लागायचं म्हणायची. ते आहे. सगळं आहे, तिनं सांगितलं तसं. मग दगडाचंच ती खोटं कशाला बोलेल? म्हणजे माझेच डोळे गेले." आणि मग, "वीस वर्षं तिला खोटं पाडलं मी. थट्टेत का होईना. एकदा म्हणायला काय जात होतं, असेल बाई, तू म्हणतीस तर असेल."

मी काहीबाही बोलले. थट्टाच होती, कारमेनलाही कळत होतं, वगैरे. अशा वेळी आपण जे बोलतो त्याचा काही उपयोग नसतो, हे माहीत असूनही आपण बोलतोच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला जायच्या गाडीत होते. फोन वाजला. पलीकडे नुसता रडण्याचा आवाज. पडल्या की काय, कोणी लुटलं की काय.

"निळा आहे गं," त्या म्हणाल्या. "निळा आहे."

पुढचं सगळं त्यांनी परत आल्यावर सांगितलं, आणि एकदा नाही, बेसमेंटमध्ये येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं. त्या सकाळी खोलीतून लवकर निघाल्या होत्या. कुठे जायचं ठरवलं नव्हतं, आता बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. उतारावरच्या एका दुकानातून एक बाई बादली घेऊन बाहेर आली आणि तिनं दारापुढच्या रस्त्यावर पाणी फेकलं. "आपण सडा टाकतो ना, अगदी तसं." अंगावर उडू नये म्हणून मावशींनी तोंड फिरवलं. आणि तोंड फिरवलं म्हणूनच दिसलं. नजरेच्या कडेला, ओल्या दगडावर, निळा उमटला होता.

कोरडा असताना तो दगड राखाडीच वाटतो. पाणी पडलं की निळा होतो. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असणार, पण माहीत असलेली गोष्ट कोणी सांगत नाही. कारमेननंही सांगितली नव्हती. तिच्या आठवणीतला रस्ता बहुतेक नेहमी सकाळचा असणार, नुकता धुतलेला, शाळेत जातानाचा.

मावशी तिथेच पायरीवर बसल्या. दुकानवाली घाबरली, पाणी आणलं, कॉफी आणली. ह्यांनी बादलीकडे बोट दाखवलं. बाईनं पुन्हा बादली भरून आणून ओतली. ह्यांनी पुन्हा दाखवलं. तिनं पुन्हा ओतली. काय चाललंय हे तिला शेवटपर्यंत कळलं नसणार, पण बिचारीनं हयगय केली नाही. मग मावशींनी चपला काढल्या आणि अनवाणी त्या ओल्या दगडांवर जाऊन उभ्या राहिल्या.

"कुठला निळा, मावशी?" त्या परत आल्यावर मी विचारलं होतं.

त्यांनी डोळे मिटले. सांगायच्या आधी त्या नेहमी मिटायच्या. "पारवा. कोरडा असताना पारव्याच्या पाठीचा, ओला झाला की त्याच्या मानेचा." आणि मग हळूच, "चुकलं बाई माझं, म्हटलं तिला. तिथे उभी राहून मोठ्यानं म्हटलं. दुकानवालीला वाटलं, मी तिलाच म्हणते. ती बिचारी नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम करत होती."

परत आल्यावर दिवाळीपर्यंत त्यांनी काम केलं. नंतर हातानं चाचपून फॉल लावायच्या. टाके सरळच यायचे, पण रंग जुळवणं बंद झालं. बायका हळूहळू यायच्या कमी झाल्या. कोणी मुद्दाम टाळलं असं नाही, पण "हा कुठला गं?" असं आता उलट त्याच विचारायला लागल्या होत्या, आणि त्यांना उत्तर देणं कोणाला जमत नव्हतं. मी गेले की त्या चळतीतून एक एक तुकडा काढून माझ्या हातात द्यायच्या. "ग्रीन आहे," मी म्हणायचे. "ग्रीन," त्या म्हणायच्या आणि तुकडा खाली ठेवायच्या. त्या 'ग्रीन' मध्ये किती काय बुडालं हे मला कळायचं, पण पोपटी आणि लिंबोळी यांत फरक काय ते मला कधी नीट शिकताच आलं नाही. शिकवणारी समोर होती तेव्हा मी फॉल कधी मिळेल एवढंच विचारत होते.

मग निखिलला मिशिगनला ट्रॉयमध्ये नोकरी लागली. घर विकलं. मॅचिंग सेंटरच्या फळ्या निघाल्या, ब्लाउजपीस खोक्यांत भरून देवळाला दिले. ट्रॉयला गेल्यावर फोनवर मावशी थोडंच बोलायच्या. "बर्फ आहे म्हणतात बाहेर. माझ्यासाठी सगळंच पांढरं." पुढच्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. निखिलनं कळवलं तेव्हा मी कामावर होते, आणि मी "ओके, ओके" एवढंच म्हटलं.

पण मला त्या दिसतात त्या निघायच्या दिवशीच्या. सकाळी पाऊस पडून गेला होता. सामानाचा ट्रक गेला होता, रिया मागच्या सीटवर टॅब्लेट घेऊन बसली होती. मी मावशींना हाताला धरून गाडीपर्यंत आणलं. दार उघडल्यावर त्या सीटवर आडव्या बसल्या, पाय बाहेर. सवयीनं चपला काढल्या आणि अनवाणी पाय खाली टेकले.

"ओलं आहे," त्या म्हणाल्या.

"हो, पाऊस झाला ना."

ड्राइव्हवेवरचं डांबर होतं ते. काळंकुट्ट, जागोजागी तेलाचे डाग पडलेलं. मावशींनी मान वळवली, तिरकं, खाली बघितल्यासारखं केलं. आता कडेचेही रंग उरलेले नव्हते, हे मला माहीत होतं.

"निळं दिसतंय का गं?"

"हो मावशी," मी म्हणाले. "निळंच आहे."

त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "खोटं बोलतीस," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

माझा हात आपोआप छातीवर गेला. मावशींना तो दिसला नसणार. मी वाकून त्यांच्या पायांत चपला घातल्या, पाय आत घेतले, आणि दार लावलं.